बिनऔषधाची कुंडी: बागेतले समज तपासायचे कसे?

"उन्हात झाडांना पाणी घालू नकोस, पानं भाजतात." हे वाक्य आपल्याकडच्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी म्हटलेलं असतं. आजी म्हणते, माळीकाका म्हणतात, हल्ली इन्स्टाग्रामवरची रीलसुद्धा म्हणते. सोबत कारणही तयार असतं: पानावरचा थेंब भिंगाचं काम करतो, ऊन एका ठिपक्यावर गोळा करतो आणि तिथे पान जळतं. शाळेत असताना भिंगाने कागद जाळलेला सगळ्यांना आठवत असतो. त्यामुळे हे कारण ऐकताक्षणी पटतं, आणि पटलं की ते तपासून पाहावं असं डोक्यातच येत नाही.

बुडापेस्टच्या ओट्वोश लोरांड विद्यापीठातल्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पानांवर आधी काचेच्या छोट्या गोळ्या ठेवल्या. ऊन पडलं आणि पानं खरोखरच जळाली. मग मेपल आणि गिंको या झाडांच्या गुळगुळीत पानांवर पाण्याचे थेंब ठेवले. पानांना काही झालं नाही. थेंब पानावर थोडा पसरून बसतो, त्यामुळे त्याने गोळा केलेल्या प्रकाशाचा बिंदू पानाच्या बराच खाली पडतो. सूर्य क्षितिजाजवळ असेल तर तो बिंदू पानावर येऊ शकतो, पण तेव्हा उन्हात जाळण्याइतका जोर नसतो. शिवाय थेंब पानाला थंडही ठेवतो.

इथे "बघा, आजी चुकली" म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच संशोधकांनी साल्विनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याची पानंही तपासली. त्या पानांवर मेणचट लव असते, थेंब लवेवर उचलून धरला जातो आणि गोल राहतो. तिथे पानं भाजली. म्हणजे गुळगुळीत पानांसाठी समज खोटा आणि विशिष्ट प्रकारच्या लवेच्या पानांसाठी खरा.

मग भर दुपारी पाणी घालावं का? सहसा नकोच. दुपारी घातलेल्या पाण्यातला बराच भाग वरच्यावर उडून जातो, आणि गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं सुरुवातीचं पाणी तर हात पोळेल इतकं तापलेलं असतं. सकाळचं पाणी बरं, हा सल्ला योग्यच आहे. चुकलंय ते त्यामागचं कारण. सल्ला बरोबर असला तर कारण चुकल्याने काय बिघडतं, असं वाटू शकतं. बिघडतं ते असं की सल्ला कुठपर्यंत लागू आहे हे कारणावरून ठरतं. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता कुंडीतली माती कोरडीठाक झालेली आणि रोप माना टाकून पडलेलं असताना, भिंगाच्या भीतीने संध्याकाळपर्यंत थांबणारा माणूस रोप गमावू शकतो. ज्याला खरं कारण माहीत आहे तो टाकीतलं गार पाणी बादलीत घेऊन बुडाशी घालतो.

बागकामात असे समज भरपूर आहेत. पण बागेची एक सोय अशी की समज तपासायला तिथे फारसं काही लागत नाही. मुलांना कसं वाढवावं, कुठली नोकरी धरावी, कुणाशी लग्न करावं याबद्दल आपले ठाम समज असतात. पण तेच आयुष्य दुसऱ्यांदा जगून फरक पाहता येत नाही. कुंडी मात्र दुसरी ठेवता येते.

ताक आणि पाऊस

कढीपत्त्याला आंबट ताक घालणं हा घरोघरचा उपाय. मे महिन्याच्या अखेरीस झाड अगदी रोडावलेलं असतं, फांद्या उघड्या, पानं फिकी. कुणीतरी सांगतं, आठवड्यातून एकदा ताक घाल. आपण घालतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाडाला कोवळी लुसलुशीत पालवी फुटते, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि खाली टाळ्यांचे इमोजी पडतात. ताकाची कमाल!

दरम्यान पाऊस सुरू झालेला असतो. पुण्यासारख्या ठिकाणी कमाल तापमान पाच-सात अंशांनी उतरलेलं असतं, हवेत ओलावा आलेला असतो. बोअरच्या पाण्याने वर्षभर मातीत साठलेले क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन गेलेले असतात. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या, ताकाचा थेंबही न मिळालेल्या कढीपत्त्यालाही पालवी फुटलेली असते. तिथे आपण बघत नाही, कारण तिथे आपण काही केलेलं नसतं.

यावरून ताक निरुपयोगी ठरत नाही. फक्त त्या फोटोवरून ते उपयोगी आहे असंही ठरत नाही. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असं मानण्याकडे आपला कल असतो, आणि बागेत तर रोज काही ना काही घडत असतं.

याच्या आत आणखी एक भूल दडलेली आहे, ती सहसा लक्षात येत नाही. आपण उपाय कधी करतो? झाड सगळ्यात वाईट दिसत असतं तेव्हा. टवटवीत झाडाला कुणी हिंगाचं पाणी घालत नाही. आता, झाडाची तब्येत वर-खाली होत राहते. तळाशी गेलेली गोष्ट पुढच्या काही दिवसांत बहुधा थोडी वर येते, काहीही केलं नाही तरी. आपण नेमक्या तळाच्या क्षणी हात घालतो, म्हणून वर येण्याचं श्रेय आपल्या हाताला मिळतं. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी घेतलेला काढा हमखास गुण देतो तो याच हिशोबाने. जी झाडं वर न येता मरतात त्यांचे फोटो ग्रुपवर येत नाहीत, ही आणखी वेगळी गोष्ट.

उलट्या दिशेनेही असंच फसायला होतं. पानं पिवळी पडली की घरच्यांचा पहिला अंदाज असतो, पाणी कमी पडतंय. मग पाणी वाढतं. कुंडीतल्या मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळं त्या हवेवर श्वास घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचेनासा होतो. पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. गुदमरलेली मुळं कुजू लागतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे ओल्या गच्च मातीत उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. इथे समज स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत जातो. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहिलं तर अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. पण ज्याला उत्तर आधीच माहीत असतं तो बोट कशाला खुपसेल?

ताकाच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर काय करायचं ते ऐकायला अगदी साधं आहे. साधारण सारख्या आकाराची, सारख्या मातीतली दोन रोपं घ्यायची. एकाला ताकाचं पाणी, दुसऱ्याला तेवढंच साधं पाणी. "तेवढंच" हा शब्द महत्त्वाचा, कारण दोन लिटर पातळ ताक घालणं म्हणजे जवळजवळ दोन लिटर पाणीही घालणं, आणि फरक पडला तर तो पाण्याचाही असू शकतो. दोन्ही कुंड्या एकाच उन्हात ठेवायच्या. आणि कुठल्या कुंडीला ताक द्यायचं हे आपण ठरवायचं नाही, नाणं उडवून ठरवायचं.

नाणं कशाला? आपण ठरवलं तर हात आपोआप एका बाजूला झुकतो. कुणाला जास्त मरगळलेल्या रोपाची दया येते, कुणी आपल्या औषधाची लाज राखायला धडधाकट रोप निवडतो. दोन्ही प्रकारांत प्रयोग सुरू होण्याआधीच बिघडलेला असतो, आणि कुणी लबाडी केलेली नसते.

हे नाणं उडवण्याचं शास्त्र शेतातच रुजलं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. त्या शेताचं नाव ब्रॉडबाल्क. शेताच्या वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं दिली जातात आणि एका पट्ट्याला १८४३ पासून आजवर कसलंच खत दिलेलं नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षं त्या लोकांनी एक पट्टा उपाशी ठेवला आहे, म्हणून बाकीच्या पट्ट्यांवरच्या पिकाबद्दल काही ठामपणे बोलता येतं. इथेच १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ कामाला लागला. शेताचा एक कोपरा जास्त सुपीक असतो, एका बाजूला पाणी साचतं, बांधाकडच्या झाडांची सावली पडते. हे सगळं आपण ओळखून वगळू शकत नाही, तेव्हा कुठल्या तुकड्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकूनच ठरवा, असा त्याचा आग्रह. आज औषधांच्या चाचण्यांत रोग्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात, त्या पद्धतीचा पाया बराचसा त्या शेतातल्या कामावर उभा आहे.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावं आहेत. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. शेतीसंशोधनासाठी संख्याशास्त्र कसं वापरावं यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही "पानसे-सुखात्मे" ही जोडी विचारून पाहा. बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर परीक्षेची आठवण उमटेल.

घरच्या दोन कुंड्यांवरून छातीठोक निष्कर्ष काढता येत नाही हेही खरं. एक रोप मुळातच दणकट निघू शकतं. चार-चार कुंड्या असतील तर बरं. पण शून्यावरून दोनवर येणं ही उडी, दोनवरून आठवर येण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, असं माझं मत. बिनऔषधाची एक कुंडी शेजारी आली की "गुण आला" या वाक्यापुढे "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न आपोआप येऊन बसतो.

आणखी एक काम करावं. काय होईल असं वाटतं ते आधी लिहून ठेवावं. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो तसंच: "१२ तारीख, ताक सुरू. महिन्यात डाव्या कुंडीत जास्त फुटवे येतील." आधी लिहिलं नाही तर महिन्यानंतर फुटवे सारखेच निघाले तरी आपण म्हणतो, "पण पानं बघ ना किती हिरवी झालीत." फुटव्यांचं पारडं जड झालं नाही की पानांचं, पानांचं नाही तर वासाचं. काहीतरी सुधारलेलं सापडतंच.

जे तराजूत घातलंच नाही

नीट मोजमाप केलं की समज आपोआप गळून पडतात, असंही नाही. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण एका कुंडीतलंच आहे.

यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट हा सतराव्या शतकात आताच्या बेल्जियममध्ये राहणारा वैद्य आणि रसायनी. झाड कशापासून बनतं, हा त्याचा प्रश्न. तेव्हाचं उत्तर ठरलेलं होतं: मातीपासून. ॲरिस्टॉटलच्या काळापासून तसंच मानलं जात होतं. आजही दहा जणांना विचारा, नऊ जण मातीच म्हणतील. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत घेतली आणि त्यात ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. वरून भोकं पाडलेला, कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा झाकला, म्हणजे उडती धूळ आत पडायला नको. मग पाच वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून वजन केलं तर ते १६९ पौंडांहून थोडं अधिक भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली. ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम.

माती खाऊन झाड वाढतं हा दोन हजार वर्षांचा समज त्याने एका तराजूने निकालात काढला. मग १६४ पौंड लाकूड, साल आणि मुळं आली कुठून? त्याचं उत्तर: पाण्यापासून. दुसरं काही कुंडीत गेलंच नव्हतं ना!

गेलं होतं. हवा गेली होती. ती त्याने तोलली नाही, कारण हवा झाडात जात असेल अशी शंकाच त्याच्या मनात नव्हती. गंमत अशी की "गॅस" हा शब्द रूढ करणारा माणूस हाच. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा त्याने स्वतः अभ्यास केला होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. ज्या वायूपासून ते झाड बनलं होतं, तो त्याच्या ओळखीचा होता.

त्याचं हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापलं गेलं. पुढचा उलगडा व्हायला दीडशे वर्षं लागली. जोसेफ प्रीस्टली याने १७७१ मध्ये पाहिलं की मेणबत्ती विझवणाऱ्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी ती हवा पुन्हा मेणबत्ती जळण्याजोगी होते. यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये दाखवलं की हे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. १८०४ मध्ये सोस्यूर याने वजनांचा हिशोब नीट बसवला: झाडाच्या वाढीत हवेतला कार्बन आणि पाणी दोन्ही असतात. वाळलेल्या झाडाच्या वजनातला सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा असतो. मातीतून येणारी मूलद्रव्यं उरलेल्या थोड्याशा भागात. व्हान हेल्मोंटचे ते २ औंस, जे त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले, ते बहुधा हेच होते.

हे कळलं की आपल्या गच्चीतला एक मोठा समज हलतो: खत म्हणजे झाडाचं जेवण. झाड आपलं जेवण पानांत स्वतः रांधतं, उजेड, हवा आणि पाणी घेऊन. खतातून मिळतं ते मीठमसाल्याइतकंच, अत्यावश्यक पण थोडं. म्हणून दिवसाला दोन तास ऊन मिळणाऱ्या बाल्कनीत टोमॅटो येत नाहीत म्हणून खत वाढवत नेण्याने फारसं साधत नाही. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि फुलं-फळं रुसतात, ते वेगळंच. बोगनवेलीचंही तसंच. तिला रोज पाणी आणि महिन्याला खत देणाऱ्याकडे हिरवागार वेल असतो आणि कंपाउंडबाहेर कुणी बघत नसलेली बोगनवेल उन्हात, कोरड्या मातीत रंगाने फुटत असते. प्रेम वाढवलं की फुलं वाढतात, हाही एक समजच.

श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू. त्यांनी "प्रयोग परिवार" उभा केला आणि द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत कितीतरी लोकांना स्वतःच्या शेतात प्रयोग करायला लावलं. पानांवर किती चौरस फूट ऊन पडतं याचा हिशोब धरा, असा त्यांचा आग्रह असे. खताच्या पोत्यांऐवजी उन्हाचा हिशोब मांडायला सांगणारा गणिती तेव्हा अनेकांना विक्षिप्त वाटला असेल. पण व्हान हेल्मोंटच्या हिशोबात हवेसारखंच ऊनही धरलेलं नव्हतं.

हवेचा विषय निघालाच आहे तर जाता जाता. "पिंपळ आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन सोडतात" हा निरोप दरवर्षी फिरतो. इंगेनहाउसला १७७९ मध्ये कळलं होतं ते आपल्याला व्हॉट्सॲपवर अजून कळायचं आहे: उजेडाशिवाय झाड ऑक्सिजन तयार करत नाही. रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेतं. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात हे खरं, पण त्यांचाही ऑक्सिजन दिवसाच बाहेर पडतो. तुळस लावायला दुसरी चांगली कारणं भरपूर आहेत. "नासाने सांगितलेली हवा शुद्ध करणारी झाडं" याचंही तेच. १९८९ चा तो अभ्यास खरा आहे, पण तो लहान, बंद पेटीत केलेला होता. घरात खिडक्या, दारं, फटी असतात. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा साध्या वायुविजनाने जेवढी हवा साफ होते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. पाचशे चौरस फुटांच्या घरात कमीत कमी साडेचारशे कुंड्या. खिडकी उघडणं सोपं.

सारखं दिसतं म्हणून

मिरचीची पानं आकसून वळली की त्याला बोकड्या म्हणतात, कुठे चुरडा-मुरडा म्हणतात. नाव एक, म्हणून औषधही एकच, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या नावाखाली किमान तीन वेगळी दुखणी नांदतात. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात. कोळी (इंग्रजीत माइट) लागला तर खालच्या बाजूला. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर पानं बारीक, चुरगळलेली होतात आणि झाडाची वाढच खुंटते.

दिसायला थोडाच फरक, पण उपाय पूर्ण वेगळे. कोळी हा कीटकच नाही. त्याला आठ पाय, तो कोळीवर्गातला. बहुतेक नेहमीची कीटकनाशकं त्याला मारत नाहीत, उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मारतात, आणि फवारणीनंतर कोळी वाढलेला दिसतो. विषाणू असेल तर कुठल्याच औषधाने झाड बरं होत नाही, ते उपटून टाकणं हाच उपाय. "मी औषध मारलं तरी गुण येत नाही, औषध बनावट असणार" असं म्हणणाऱ्याने आधी पान उलटून भिंगातून पाहावं. तीन-चारशे रुपयांचं दहापट भिंग हे माझ्या मते बागेतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं अवजार आहे.

याच्या अगदी उलट चूक जास्वंदीवर होते. पिठ्या ढेकणाचे (मिलीबगचे) पांढरे कापसासारखे पुंजके आपण ओळखतो आणि दिसेल ते पांढरं ब्रशने घासून काढतो. त्या पांढऱ्यात कधीकधी एक जरा मोठा, जरा चपळ, मेणाच्या लांब धाग्यांनी झाकलेला प्राणी असतो. तो क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या कुळातला हा ऑस्ट्रेलियन भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणाविरुद्ध मुद्दाम सोडला जातो. त्याची अळी पिठ्या ढेकूणच खाते आणि दिसते जवळजवळ त्याच्यासारखी. आपण शत्रू समजून फुकटचा रखवालदार घासून टाकतो. साध्या लेडीबर्डच्या अळीचीही हीच गत: लाल, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा सगळ्यांना आवडतो, पण त्याची काळपट, काटेरी, बटबटीत अळी पाहिली की चप्पल निघते. मावा खाण्यात ती मोठ्या भुंगेऱ्याला हार जात नाही.

"किडा दिसला की मारा" हा समज मोठ्या प्रमाणावर किती महाग पडू शकतो आणि सोडला तर काय होतं, हे पपईने दाखवलं. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरजवळ पहिल्यांदा आढळला. पुढे तो इतर राज्यांत आणि आपल्याकडच्या पपईच्या बागांतही पोचला. अंगावर मेणाचं आवरण असल्याने फवारणी त्याला नीट लागत नव्हती. त्याच्या मूळ प्रदेशात तो एवढा उपद्रवी का नाही, असा प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळालं ते आणखी एका किड्याचं. ॲसेरोफॅगस पपायी ही मोहरीच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडी घालते. २०१० मध्ये ती पोर्तो रिकोहून आणून सोडली गेली आणि ढेकूण आटोक्यात आला. जिथे फवारणी थांबली नाही तिथे अर्थातच ती गांधीलमाशीही मरत होती.

खापऱ्यांचं प्रकरण

कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडी घालायची, म्हणजे निचरा चांगला होतो. नर्सरीवाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. गेली काही वर्षं मात्र वाचलेले-शिकलेले बागकामवाले याला खोटा समज म्हणतात, आणि त्यांचं कारण भक्कम आहे. बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटींच्या ओढीने, धरून ठेवलेलं असतं. खाली मोठ्या पोकळ्यांची खडी आली की पाणी सहजी खाली उतरत नाही, आधी वरची माती तुडुंब भिजते, मगच ते सुटतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर नुसता वर सरकतो आणि मुळांना उलट कमी जागा राहते. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की खालचा ओला थर तेवढाच राहतो आणि वरचा भाग मोकळा होतो. कुंडी उथळ करणाऱ्या खडीचा परिणाम याच्या उलट, असा हा युक्तिवाद.

मलाही तो पटतो. पण भिंगाचाही युक्तिवाद पटतच होता की. २०२५ मध्ये एका संशोधनपत्रिकेत थेट कुंड्यांवर केलेला प्रयोग छापून आला: कुंडीत भरायची वेगवेगळी मिश्रणं, तळाशी वेगवेगळ्या वस्तूंचे ३ आणि ६ सेंटिमीटरचे थर, आणि थर नसलेल्या कुंड्या. बहुतेक ठिकाणी थरामुळे मिश्रणात उरलेलं पाणी कमीच झालं, वाढलं नाही. जाड थराचा परिणाम अधिक स्पष्ट होता. म्हणजे नर्सरीवाल्याला अडाणी ठरवणाऱ्यांनीही पुस्तकातल्या मातीचा नियम कुंडीतल्या मिश्रणाला लागू होणारच, असं न तपासता धरून चाललं होतं.

तुमच्या मिश्रणात काय होतं हे पाहायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. एकाच मापाच्या दोन कुंड्या घ्या, रोप लावू नका. एकीत खापऱ्यांवर माती, दुसरीत नुसती माती. खापऱ्या, कुंडी आणि वाळलेली माती आधी वेगवेगळी तोलून आकडे लिहून ठेवा, नाहीतर खापऱ्यांचं वजन पाण्याच्या हिशोबात घुसेल. दोन्ही तुडुंब भिजवा, ठिबकणं थांबेपर्यंत विटांवर ठेवा आणि पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे पाणी. खापऱ्यांच्या कुंडीत माती कमी बसली असेल, म्हणून नुसतं पाणी किती ते पाहू नका, दर किलो मातीमागे किती पाणी ते काढा. कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) जास्त असलेल्या मिश्रणाला आलेलं उत्तर लाल मातीला लागू पडेल असं धरू नका. माती बदलली की पुन्हा तोलावं लागेल.